मॅनेजर बदलावा काय?

आंबेखोल, ता. जोयडा
१ डिसेंबर २०२५

चि. मयूरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व ठीक आहे. भाताची मळणी झाली, शेतं मोकळी झाली आणि तुझ्या बाबांनी पुन्हा फुटबॉलचं वाटोळं करायला घेतलं. फोनच करणार होतो. पण रेंज फक्त टेकडीवरच्या फणसापाशी येते आणि हल्ली बघावं तेव्हा दाजीच तिथं फोन कानाला लावून उभे असतात. त्यांची तक्रार त्यांच्याच शेजारी उभं राहून कशी करणार? म्हणून पत्र.

रविवारी जोयड्याच्या पोरांशी सामना होता. दाजींनी सातच्या सात पोरं आपल्याच गोलापुढं उभी केली. बॉल आला की लांब मारायचा आणि परत यायची वाट बघायची, एवढाच खेळ. आपल्याकडे गोल मारणारा एकटा प्रज्योत, तो सामनाभर आपल्याच गोलकीपरशी गप्पा मारत होता. बांधावर बसलेल्या पुतळी म्हातारीनं मला विचारलं की ही पोरं कसली राखण करतायत, रानडुकरं येणार आहेत काय. शेवटी टायब्रेकर झाला आणि नेहमीसारखे हरलो. त्यात दाजी सामन्याआधी पोरांना उकडलेली कणगं खाऊ घालतात. कंदात ताकद असते हे मला मान्य आहे, पण ती पोटातून पायात उतरेपर्यंत सामना संपलेला असतो.

गेल्या नाताळात तू मला मोबाइलवर परदेशातले सामने दाखवलेस, तेव्हापासून माझे डोळे उघडले. तिकडे कोचाला मॅनेजर म्हणतात आणि तो आवडेनासा झाला की लोक फलक घेऊन बसतात. केवढी सुधारणा! मी लगेच गावातल्या पोरांना शिकवलं, की दाजींना यापुढं मॅनेजर म्हणायचं. जीप ठरवणारा, पंप सांभाळणारा आणि लिंबं कापणारा जो मी, त्याला गाव इतकी वर्षं मॅनेजर म्हणत आलं, ते सगळं अडाणीपण. तर आता मॅनेजर काढावा की ठेवावा यावर गावात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, पहिला बॉल गोव्याहून दाजींनीच आणला. अर्धे म्हणतात, आणला म्हणून काय जन्मभर तो गोलापुढंच ठेवायचा? मिटेना, तेव्हा देवीला कौल लावायचं ठरलं. ही सूचना माझी.

अक्काला यातलं काही कळवू नकोस. दर रविवारी सामन्यानंतर मी तिच्याकडेच जेवतो, हे तुला ठाऊक आहे. माझ्यासारख्या एकट्या जीवाला आठवड्यातलं तेवढंच काय ते घरचं ताट.

कळावे. तुझा लोभ बाबांच्या बाजूला असणारच, त्यातला थोडा इकडे वळवावा.

तुझा मामा,
माबळू


मडगाव
८ डिसेंबर २०२५

ती. मामास मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि मला हसू आवरेना. एका आजीने विचारलं की सिस्टर, लग्न ठरलं काय. मी म्हटलं, नाही, मामाने बाबांना काढायचं ठरवलंय.

हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या गाड्यावर इथले लोकही रोज हेच करतात. आपल्या क्लबचा मॅनेजर काढा म्हणून इतके तावातावाने भांडतात की चहा गार होतो. गेल्या वर्षी तो खरंच काढला. नवा आला, त्याला हार घातले, आणि तिसऱ्या सामन्याला तीच माणसं त्याच बाकावर बसून म्हणाली की जुना बरा होता. तेव्हा मामा, जरा दमाने घे.

आईला मी काही कळवलेलं नाही, गरजच पडली नाही. आंबेखोलात गुपित ठेवायचं आणि तेही तू? परवा तिचाच फोन आला होता. म्हणाली, माबळूला विचार, रविवारी मासळी करू की कौल लागेपर्यंत थांबू. आवाज गोड होता. आईचा आवाज गोड झाला की मला भीती वाटते, तुलाही वाटायला हवी.

आणि एक. देवीपुढे शब्द जपून वापर. तिने माझ्या मोबाइलवरचे सामने पाहिलेले नाहीत.

लोभ दोन्ही बाजूंना सारखाच आहे, तो मागून वळणार नाही.

तुझी भाची,
मयूरी


आंबेखोल
१७ डिसेंबर २०२५

चि. मयूरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. कौल लागला. मॅनेजर बदलला. आता सविस्तर लिहितो, कारण लपवून उपयोग नाही, तुला आईकडून कळेलच.

रविवारी देवळात सगळा गाव होता. पुजाऱ्यांनी देवीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तक्रार माझी म्हणून गाऱ्हाणं घालायला मलाच पुढं केलं. मीही छाती काढून, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणालो, "आये, आमच्या टीमचा म्यानेजर बदलावा काय?" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. एरवी देवी माणसाला तास तास बसवते. या वेळी माझं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली.

मी दाजींकडे वळलो. त्यांचं सांत्वन करायचं तोंडही तयार ठेवलं होतं. बघतो तर दाजींकडे कोणीच बघत नव्हतं, सगळा गाव माझ्याकडे बघत होता. पुजाऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की वाईट वाटून घेऊ नको, लई वर्सं केलंस. मी त्यांना समजावू लागलो की परदेशात मॅनेजर म्हणजे कोच. ते म्हणाले की देवी परदेशातली नाही. पुन्हा विचारू या म्हटलं, तर एकदा कौल झाला की तोच प्रश्न परत घालायचा नसतो, म्हणाले.

खरं सांगू, पाकळीचं एवढं लागलं नाही. लागलं ते हे, की कोणालाच नवल वाटलं नाही. मागून एक जण म्हणाला की जीप नेहमी उशिराच यायची. दुसरा म्हणाला, लिंबंही आंबट असायची. मयूरी, लिंबं आंबट असतात हाही माझा गुन्हा? दाजी तेवढे चपला घालून निघून गेले.

बॉल, पंप, लिंबांची पिशवी, सगळं देवळाच्या पायरीवर ठेवून घरी आलो. जेवायला अक्काकडे गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? तिच्या नवऱ्याला काढायला निघालो आणि स्वतःच निघालो. आता रविवार उजाडेल याचीच धास्ती वाटते. टीमशिवाय माझं दुसरं होतं काय?

कळावे. लोभ असेल तेवढा पुरे, वाढवण्यासारखं माझ्याकडून काही घडलेलं नाही.

तुझा मामा,
माबळू (माजी मॅनेजर)


मडगाव
२४ डिसेंबर २०२५

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

आधी मनसोक्त हसले, हे कबूल करते. हॉस्टेलवर सगळ्यांना वाचून दाखवलं. मनीषा माझ्या खोलीत राहते, ती म्हणते की तुझ्या मामाला इकडच्या क्लबात पाठव, स्वतःला काढून घेणारा मॅनेजर तिने आजवर पाहिला नाही.

आता हसणं पुरे. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगते. ते फणसापाशी उभे राहून मलाच फोन करत होते. त्यांना कोचपण कधीचंच सोडायचं आहे. गुडघा दुखतो, रात्री सामन्याच्या काळजीने झोप लागत नाही, आणि सातही पोरं मागे का उभी करता असं मी विचारलं तर म्हणाले की गोल खायची भीती वाटते. मी म्हटलं, मग सोडा ना. तेव्हा म्हणाले, "म्या सोडलं तर टीम मोडंल. माबळूला ऐतवारचं दुसरं काय हाय?"

मामा, तू ज्या माणसाला काढायला देवीपर्यंत गेलास तो तुझ्यासाठी थांबला होता. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. थोडं टोचलं तर टोचू दे.

आई म्हणते की दोन रविवार तिने तुझं ताट मांडलं आणि तसंच उचलून ठेवलं. ती आपणहून बोलवायला येणार नाही, तिचा स्वभाव तू जाणतोस. चार तारखेला रामनगरला स्पर्धा आहे. मॅनेजर म्हणून नाही तर बघ्या म्हणून जा. तिकडे जायला देवीने मनाई केलेली नाही.

लोभ या पत्रात वाढवून पाठवला आहे, जपून वापर.

तुझी,
मयूरी


आंबेखोल
८ जानेवारी २०२६

चि. मयूरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस मला कणगं न खाताच जड वाटत होतं. मग रामनगरला गेलो. पोरं जीपनं गेली, मी बसनं. पाठीमागं, ट्रक उभे करतात तिथं, टोपी खाली ओढून उभा राहिलो.

दाजींनी पुन्हा सातही जण गोलापुढं लावले. अर्धा खेळ होईतो लोक कंटाळले आणि आपल्याच गावच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, मॅनेजर हटाव, मॅनेजर हटाव. पाठोपाठ रामनगरवालेही ओरडू लागले. हा शब्द पोरांना मीच शिकवलेला, अगदी घोकून घेतलेला. दाजी रेघेवर एकटे उभे होते. मान खाली, दुखरा पाय जरा उचललेला. पाण्याची बाटली द्यायलाही शेजारी कोणी नव्हतं.

मला ते बघवेना. पुढं घुसलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "म्यानेजर म्या हाय! मला कवाच काढलाय!"

मग जो हशा उठला, तो रेफरीसकट. आरडाओरडा तिथंच विरला. दाजींनी वळून पाहिलं, मला ओळखलं आणि ते स्वतः हसू लागले. सामना आपण टायब्रेकरवर हरलो, ते सांगायला नकोच.

परतीला दाजींनी मला जीपमध्ये बसवलं. पोरं मागं एकमेकांच्या मांडीवर होती आणि ड्रायव्हरशेजारची माझी जागा मात्र रिकामी. दाजी म्हणाले की देवीनं मॅनेजर बदलायला सांगितला आहे, तिचा शब्द मोडायचा नाही. तर मॅनेजर ते होतील आणि मी कोच व्हायचं. मी नको नको म्हणत होतो, पण त्यांनी लिंबांची पिशवी आधीच मांडीवर घेतली होती. इतकं हलकं झालेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. मग तू मला सगळं लिहिलंयस, एवढंच मी म्हटलं. ते बाहेर बघत म्हणाले की पोरीच्या पोटात काही राहत नाही.

जीप अक्काच्या दारात थांबली. इतके दिवस कुठं होतास, असं अक्कानं विचारलं नाही. भात मात्र न विचारता दोनदा वाढला. मला रडू आलं, ते मी तिखटावर ढकललं.

कळावे. लोभ पोचला, इकडे त्याची गरज होती.

तुझा मामा,
माबळू


आंबेखोल
२६ जानेवारी २०२६

चि. मयूरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. काल कोच म्हणून माझा पहिला सामना झाला. आदल्या दिवशी पोरांना पुढं होऊन खेळण्यावर मोठं भाषण दिलं होतं. कणगं बंद केली. प्रज्योतला सांगितलं की मागं वळून बघायचंसुद्धा नाही. सगळे इतके खूश, की मला वाटलं आपण हे काम वीस वर्षं आधीच का केलं नाही.

सामना सुरू झाला. समोरची पोरं धावत आली आणि पहिलाच बॉल आपल्या खांबाला आपटून बाहेर गेला. आणि एक आवाज ऐकू आला, सगळी मागं या, सगळी मागं या. कोण ओरडतंय म्हणून बघतो तर मीच. सातच्या सात पोरं गोलापुढं जाऊन उभी राहिली. सामना संपेपर्यंत मी त्यांना हलू दिलं नाही. पुतळी म्हातारी म्हणाली की डुकरं अजून गेली नाहीत वाटतं.

तुझे बाबा आंब्याच्या सावलीत पाय पसरून लिंबं कापत होते. आल्यागेल्याला सरबत देत होते, थट्टा करत होते. जीप वेळेवर आणली. लिंबंही गोड आहेत असं लोक म्हणतात, यावर मी काही बोलत नाही.

टायब्रेकरआधीच मागं आरडाओरडा सुरू झाला. कोच हटाव, कोच हटाव. या वेळी शब्द बरोबर होता, म्हणजे कौल लावला तर घोळ व्हायचा नाही. वळून बघितलं तर ओरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढं, पदर खोचून, तुझी आई होती. माझ्याकडे बघूनही थांबली नाही. उलट आवाज चढवला. पुरतं ओरडून झाल्यावर बांधापाशी आली आणि सांगून गेली की ताट वाढतेय, लवकर ये.

कळावे. पुढच्या सामन्यापर्यंत तरी लोभ असावा.

तुझा मामा,
माबळू (कोच, तूर्तास)