१९ मार्चची ओळ

स्लोटन, ३ मार्च २०१८

ती. हिस्केताईस,
सा. न. वि. वि. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घातलाय, तो चालवून घे.

खट्-खट्-खटाखट. आज सकाळी कॉफी गाळताना कानात हा आवाज आला आणि गाळणी हातात तशीच राहिली. आपली शाळा सुटायची, दारात काढून ठेवलेल्या चाळीस जोड लाकडी बुटांत चाळीस पोरं एकदम पाय खुपसायची, आणि विटांच्या रस्त्यावरून जी पळापळ व्हायची, तो आवाज. त्याच तालावर आपण घरापर्यंत मास्तरांची नावाड्याची कविता म्हणत यायचो. आठवते?

धुक्यात बुडली पैलतीरीची गवताची गंजी,
नावाड्या रे, हाक ऐकली का रे तू माझी?
वल्हे थांबले, पाणी थांबले, थांबला वारा…

चौथी ओळ काही केल्या सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर उलट टपाली धाड.

आता मुख्य बातमी. वरचं सगळं नजरेनं बाजूला सारत तू तीच शोधत असशील. सरकारी शौचतपासणीसाठी टपालानं आलेल्या त्या नळीत मी जे भरून पाठवलं (सरकारला इतक्या मनापासून मी आजवर काहीच पाठवलं नव्हतं), त्यात खोट निघाली. मग आत दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. आतड्याचा कर्करोग आहे. परवा स्कॅन झाला. रोग यकृतापर्यंत पोचलाय की आहे तिथंच बसून आहे, ते डॉक्टरीणबाई १९ तारखेला सांगणार. तिथंच असेल तर कापून टाकता येईल म्हणाल्या. पोचला असेल तर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनीही सभ्यपणा पाळला.

चाळीस वर्षं मी कालव्यावरचा पूल वर उचलून लोकांना फाटकाशी खोळंबवलं. कुणी भोंगा वाजवला की खिडकीतून म्हणायचो, बोट जाऊ दे, दम धर. आता माझ्याच पुढ्यात फाटक पडलंय आणि बोटीचा पत्ता नाही.

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही, आणि मला शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं 'आतडं' म्हणायचं नाही. लोभ आहेच, तो जरा ऊन लागेल अशा जागी ठेव.

तुझा
सीत्से


मिडलबर्ग, ७ मार्च

चि. सीत्सेस,
अनेक आशीर्वाद. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना मला दर वेळी हसू येतं. या खेपेला मुद्दाम ठळक लिहिलंय.

तुझं पत्र वाचताना वाटाण्याचं सूप करपलं. भांडं अजून भिजत पडलंय, त्याचा दोष तुझ्या माथी. जेवतोस ना? बांधावरून रोज चक्कर मार. आणि कॉम्प्युटरवर रोगाचं काही वाचू नकोस. सर्दीचं वाचलं तरी माणूस मृत्युपत्र करायला घेतो.

चौथी ओळ मलाही येत नाही. शाळेत तपासनीस आले होते, तेव्हा आपण सगळे तोंडं मिटून उभे राहिलो आणि ती कविता अथपासून इतिपर्यंत एकट्या लीवेनं म्हटली होती. ती ओळ त्याच्याकडेच असणार. विचार की. कालव्यापलीकडे तर राहतो.

१९ला दवाखान्यात कुणाबरोबर जाणार आहेस? 'बसनं' असं उत्तर लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

पाठ वाकडी झाली तरी वरचढ असलेली,
हिस्केताई


स्लोटन, ११ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, नेहमीइतकाच खोल. बसनं जाणार.

माझा मुक्काम हल्ली बहुतेक संडासात. समोरच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर आहे, दर वर्षी तेच चालणारं, माझ्या गेल्स्केच्या अक्षरातलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिचं अक्षर अजून साऱ्या गोतावळ्याच्या तारखा सांभाळतंय. गेलेल्यांच्या नावांपुढे तिनं बारीक क्रूस काढलेत. तिच्या नावापुढचा मी काढला, तो जरा वाकडा आला.

तारखेला एकच ओळ असते. 'रिपोर्ट' लिहायला गेलो, तर १९ मार्चची ओळ लीवेनं अडवलेली. म्हणजे त्याचं नाव मीच सत्त्याण्णव साली खोडलं होतं, पण खोडलेलं नावही जागा सोडत नाही. शेवटी उरलेल्या बोटभर कोपऱ्यात 'रिपोर्ट' कोंबला.

शुक्रवारी फेम्के आली होती, वजन-रक्तदाब पाहणारी परिचारिका. चांगली पोर आहे, पाय मात्र आपटत चालते. ती संडासातून बाहेर आली ती डोळे मऊ करूनच. लीवे तुमचे कोण होते, फार दिवस आजारी होते का, म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, तो ठणठणीत आहे, सायकल मारतो, कोबी लावतो. तर म्हणे, मग खोडलंत का? मी तिला म्हटलं, वजन लिहून घे.

तू विसरली असशील म्हणून सांगतो. सत्त्याण्णवच्या त्या कडक बर्फात आम्ही दोघं गोठलेल्या कालव्यांवरून गावोगावच्या फेरीला स्केट्सवर निघालो होतो. वाटेत माझ्या स्केटचा पट्टा तुटला. तो पुढे होऊन माझ्यासाठी थांबणार होता, पवनचक्कीपाशी. लंगडत पोचलो तर तिथं कुणी नाही. चार तास चालत घरी आलो. थांबतो म्हणालेला माणूस थांबत नाही, यावर आणखी काय बोलायचं?

वजन दीड किलोनं उतरलंय. गेल्स्के खूश झाली असती. तुझं माझ्यावर रागावणं असंच चालू राहू दे.

सीत्से


मिडलबर्ग, १४ मार्च

चि. सीत्सेस,
आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटाही.

पत्र परत पाठवणार होते, पण मागच्या बाजूला तुझी चित्रकला निघाली. बस काढलीस की गाय, ते कळलं नाही.

तुझी पवनचक्कीची गोष्ट मी एकवीस वर्षं ऐकतेय. लीवेची तू एकदाही ऐकली नाहीस. तो म्हणतो, पुलापाशी थांबायचं ठरलं होतं. अंधार पडेपर्यंत तो पुलाखाली पाय आपटत उभा होता, डाव्या पायाची दोन बोटं बधिर झाली ती अजून तशीच आहेत. कोण खरं, ते मला ठाऊक नाही. दोन म्हातारे गाढव आहेत, एवढं ठाऊक आहे. माझ्या कॅलेंडरवर त्याचं नाव धडधाकट आहे. दर वर्षी कार्ड पाठवते. यंदाचंही गेलं, मजकूर जरा लांबला.

तू विनोद फार केलेस, पण भीती वाटते का, ते लिहिलं नाहीस. मला वाटते. तू झालास तेव्हा आईनं मला चार वर्षांची असताना तुझ्या पाळण्यापाशी बसवलं होतं आणि सांगितलं होतं, याच्यावर लक्ष ठेव. ते काम कधी संपलं, असं मला कुणी सांगितलेलं नाही.

लोकरीची बनियन घालून जा. माया तशीच आहे, कमी झालेली नाही.

हिस्केताई


स्लोटन, १९ मार्च, सकाळचे आठ वीस

ती. ताईस,
घाईतला नमस्कार. बस नऊ पाचची, भेट साडेदहाची. बनियन घातलीय, टोचतेय.

भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. कालपासून नुसतं धुकं आणि नावाडी पाहतोय. शाळेत वाटायचं की कविता हाक मारणाऱ्याची आहे. आता वाटतं, ती पलीकडे आपली हाक कुणी ऐकली की नाही, याची आहे.

सकाळी नेहमीच्या जागी बसून ती ओळ पाहत होतो. मी मारलेल्या रेघेखालून गेल्स्केचं ठाशीव 'लीवे' स्पष्ट वाचता येतं. खोडलेलं पुसता येईना. म्हणून 'रिपोर्ट'च्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ते नाव पुन्हा लिहिलं. फेम्के आली की विचारायची नाही.

थांब. बाहेर विटांवर आवाज येतोय. खट्, खट्. चाळीस जोड नाहीत, एकच आहे, आणि डावा पाय जरा जपून पडतोय. या गावात लाकडी बूट घालणारा आता एकच माणूस उरलाय.

दार उघडून आलो. लीवेच आहे. हातात सफरचंदाचा केक, वाढदिवस त्याचा, तेव्हा केकही त्यानंच आणायचा. एकवीस वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहितो: "गाडी पुलापाशी लावलीय, सीत्से. पुलापाशी."

मी त्याला सांगितलं की तिथं किती वेळ बसावं लागेल, याचा नेम नाही.

तो म्हणाला, "थांबतो."

आत्ता तो उंबऱ्यात उभा आहे. दवाखान्यातही लाकडी बुटांनीच येणार म्हणतोय. हे पत्र वाटेत पेटीत टाकतो, आणि चौथी ओळ गाडीतच विचारतो.

तुझा
सीत्से