मैदानावरचे दिवे

२३ नोव्हेंबर
हॉस्टेल

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. इतक्या वर्षांनी भाच्याचं पत्र आलं म्हटल्यावर तू मामीला आधी हेच विचारशील की याचं काही बिनसलंय का. काही बिनसलेलं नाही. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे जात नाहीस, म्हणून कागद घेतला.

कॉलेजचं तिसरं वर्ष सुरू आहे. भौतिकशास्त्र अजून मला आवडतं, मी त्याला आवडतो की नाही ते परीक्षेत कळेल. खोलीत माझ्याबरोबर एक दांडगा मुलगा असतो, त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती वगैरे काही नाही, व्हॉलीबॉलच्या संघाचा कॅप्टन आहे. घोरतो, पण मनाने चांगला. माझ्या सामानाला त्याने शिस्त लावली आहे, कारण मी म्हणे दिसेल त्याला धडकतो. गेल्या आठवड्यात बादलीत पाय घालून पडलो, तेव्हा हा हसून हसून पलंगावरून खाली यायचा बाकी होता.

तुला आवडेल अशी एक बातमी. आमचं आकाश मंडळ आहे, महिन्यातून एकदा जेवणं झाली की कॉलेजच्या गच्चीवर जमतो. आकाशातला एक ठरलेला चौकोन घ्यायचा आणि त्यात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचं. तारे कमी दिसले की समजायचं, खालचा उजेड वाढला. मोजायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे. डोळे दर वेळी तेच हवेत, म्हणून माणूस बदलायचा नाही असा आमचा नियम. तर दर वेळी माझा आकडा खाली येत गेला. गेल्या वर्षी मैदानावर मोठे दिवे बसले, तेव्हा चोर सापडला असं मला वाटलं. मग काय, मी तक्ते केले, प्राचार्यांपुढे भाषण ठोकलं, सह्या गोळा केल्या. पैलवान महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, कारण त्यांचा सराव त्याच दिव्यांत चालायचा. शेवटी प्राचार्य तयार झाले. महिन्यातला आमचा तो एक दिवस मैदान अंधारात ठेवायचं ठरलं आणि परवा पहिल्यांदा दिवे बंद झाले. सगळे खूश आहेत.

बाकी विशेष नाही. अभ्यास चालू आहे. डोकं जरा दुखतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

आईचं तुला माहीतच आहे. तुझं नाव निघालं की ती काहीतरी काम काढून उठते. बाबा नाव काढत नाहीत.

मामीला सांग, तिच्या हातचं जेवण आठवतं.

तुझा,
सेकंदकाटा
(हे नाव तूच ठेवलंस. एका जागी उभा राहत नाही म्हणून.)

ता. क. मामा, तू दुकान अंधार पडायच्या आत का बंद करतोस? सगळा बाजार तुझ्यावर हसतो की घड्याळवाला सूर्य बघून शटर ओढतो. मीही हसायचो. खरं कारण सांगशील का?


९ डिसेंबर

प्रिय मामा,

पत्र मिळालं. अक्षर मामीचं आहे, मजकूर तुझा आहे, आणि त्यातलं एक वाक्य साफ खोटं आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकान बंद करतोस? बाजारात दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नसते, हे मी लहानपणापासून बघतोय. निदान खपेल अशी थाप तरी मारायचीस.

पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? मीही तुला थापच मारली होती. आता सगळं लिहितो. मामी तुला हे वाचून दाखवत असेल. मामी, मध्ये थांबू नकोस.

दिवे बंद झाले त्या दिवशी गच्चीवर पंधरा-वीस जण होतो. पैलवानही आला होता, माझा विजय बघायला नव्हे, ज्यासाठी सराव बुडाला ते आहे तरी काय ते बघायला. खाली मैदानावर खटके पडत गेले, एकेक खांब विझला. दोन-चार मिनिटं सगळे डोळे सरावायची वाट बघत उभे होते. मग कुणीतरी "वा" म्हणालं, आणि एकामागून एक सगळेच म्हणाले. पहिल्या वर्षाची एक मुलगी मोठ्याने तारे मोजायला लागली आणि मोजताना हसत सुटली, कारण संपतच नव्हते.

मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. व्याध दिसत होता, गुरू दिसत होता, मृगाचे मोठे तारे दिसत होते. बाकी नुसतं काळं. अंधुक तारा थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवून बघायचा असतो, म्हणजे तो उमटतो. मीच सगळ्यांना शिकवलंय हे. मी बाजूला बघितलं, तर होता तोही तारा गेला.

मग मीही "वा" म्हणालो.

मामा, आकाश तेवढं उजळलेलंच नव्हतं. दोन वर्षं मी माझे डोळे मोजत होतो आणि दोष दिव्यांना देत होतो. आमच्या नियमामुळे दुसऱ्या कुणी कधी मोजलंच नाही.

जिना उतरताना पायरी चुकली. पैलवानाने दंड धरला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. खोलीत आल्यावर म्हणाला, "तुला दिसत नाहीये ना?" मी चिडलो, भांडलो, पांघरूण ओढून झोपलो. दोन दिवसांनी त्यानेच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे एका पांढऱ्या वाटोळ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. समोर नजर ठेवायची, कडेला बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बसून राहिलो. यंत्र सुरू कधी होणार म्हणून विचारणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, झालं, उठा.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, ते मला आवडलं नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या कडा मरत चालल्यात, म्हणाल्या. आधी रात्र जाते, मग दिवसाही नजरेचा घेर आवळत येतो. मधली नजर पुष्कळ वर्षं टिकू शकते, नाहीही टिकत. यावर आज औषध नाही. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला सहसा त्रास होत नाही. मग त्यांनी विचारलं, आईच्या भावांपैकी कुणाला आहे का?

मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हा कळलं नाही. रस्त्यावर आल्यावर कळलं, आणि मी फुटपाथवर बसलो. पैलवान बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा.

तुमच्या गच्चीवर सुट्टीत झोपायचो ते आठवलं मला. तू उताणा पडून विचारायचास, "सांग, कृत्तिका कुठे आलीय? किती दिसतात तुला? सहा की सात?" मी बोटाने दाखवायचो, तू "शाब्बास" म्हणायचास. मला वाटायचं, तू परीक्षा घेतोयस. तुला त्या दिसतच नव्हत्या, हो ना? घरात आम्हा सगळ्यांना आकाश शिकवणारा माणूस ते माझ्याकडून ऐकत होता.

आणि आणखी एक. आमच्या नव्या घरात जेवायला आलेलास तो दिवस. तुला लवकर निघायचं होतं, आईने हट्टाने थांबवलं. अंधार झाला, त्यात दिवे गेले, आणि तू भरल्या ताटांवरून गेलास, शेजारच्या छोटीवर पडलास. तिचा ओठ फुटला. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, पिऊन माझ्या घरात यायचं नाही. मी तिथेच उभा होतो. तू काही तरी बोलशील म्हणून मी वाट बघत होतो. तू चपला शोधत राहिलास आणि निघून गेलास. त्यानंतर आमच्या घरी आला नाहीस.

दारुडा म्हणवून घेतलंस, पण डोळ्यांचं बोलला नाहीस. मला राग आलाय तुझा. आदर वगैरे नंतर वाटेल, आत्ता राग आलाय. मला आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता, असं तू म्हणशील. औषध नाही ते नाहीच. पण मी एवढा वेडा तरी ठरलो नसतो, दिव्यांशी भांडत.

पैलवानाला मी सांगितलं की तुझा सराव माझ्यामुळे बुडाला. तो विचार करून म्हणाला, "मग आता दिवे चालू ठेवा म्हणून अर्ज दे. तुझं भाषण बरं असतं." हल्ली रात्री बाहेर निघालो की तो माझ्यापुढे दोन पावलं चालतो आणि उगाच खोकतो. मी त्या खोकल्यामागून चालतो.

आता मुद्द्याचं. आईला सांगायला हवं. पण माझं सांगायचं तर तुझं सांगावं लागतं. डॉक्टरांसारखंच तीही पहिल्यांदा विचारेल, हे आलं कुठून. तिच्याशी मला खोटं बोलता येणार नाही. बाबांनाही कळेल मग, की त्यांनी कुणाला काय म्हटलं. तू सांगतोस, की मी सांगू? लवकर कळव.

तुझा,
भाचा


२० डिसेंबर
घरून

प्रिय मामा,

तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ, आणि या वेळी अक्षर तुझं होतं. ओळ कागदावरून उतरत खालच्या कोपऱ्यात गेली होती, पण वाचता आली. "तिला सांगू नकोस, ती स्वतःला दोष देईल."

मी सांगितलं.

तुझं ऐकलं नाही याबद्दल भेटलो की माझा कान धर. पण मी तीन दिवस घरात बरा असल्याचं नाटक करून बघितलं, आणि मला ते जमलं नाही. दिवसाउजेडी स्वयंपाकघरात चालताना स्टुलाला अडखळलो. आई सहज म्हणाली, "अगदी मामासारखा चालतोस." तिच्या लक्षात काही आलेलं नव्हतं. माझ्याच्याने पुढे राहवलं नाही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, गच्चीपासून. घड्या घालणं तिने थांबवलं नाही. माझा शर्ट घडी करून झाला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. मला वाटलं आता विचारेल, पुढे काय होणार, आंधळा होणार का तू. तेही तिने नंतर विचारलं. पण पहिलं विचारलं ते हे.

"त्या दिवशी दादा प्यायला नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी गप्प बसले."

मग ती रडली, मामा. तू म्हणालास तसा स्वतःला दोष दिलाच तिने, पण आजारासाठी कमी आणि त्या दिवसासाठी जास्त. ते तू धरलंच नव्हतंस.

बाबा दारात उभे होते. त्यांनी कधीपासून ऐकलं, ठाऊक नाही. ते आत आले नाहीत. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "तो प्यायलेला असता तर बरं झालं असतं रे." मला आधी संताप आला. मग त्यांच्या म्हणण्याचा अर्थ ध्यानात आला. तू प्यायलेला असतास, तर मला हे नसतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. लहान असताना रस्ता ओलांडायला धरायचे, त्यानंतर कधी धरलेला मला आठवत नाही.

मला भीती वाटते. हे आईला सांगितलं नाही, तुला सांगतो. रात्री दिवा मालवला की मी खोलीतल्या वस्तू मनात लावून बघतो, टेबल कुठे, खिडकी कुठे. पुढे लागेल म्हणून आत्तापासून सवय. मग वाटतं, हा वेडेपणा आहे, दिवसा सगळं लख्ख दिसतंय, तोवर बघून घ्यावं. काय काय आणि कुठल्या क्रमाने जातं, हे मला कुठल्या पुस्तकात नको, तुझ्याकडून ऐकायचंय. तू घड्याळांची एवढीशी चाकं कशी बघत राहिलास, चिडलास कधी, मामीला कसं सांगितलंस, सगळं. तेवढं तरी तू माझं देणं लागतोस.

आम्ही रविवारी सकाळच्या बसने येतोय, तिघंही. तू स्टँडवर येऊ नकोस, बाबाच तुझ्या दारात येणार आहेत. काय बोलणार ते त्यांना अजून सुचलेलं नाही. परवापासून दोनदा दाढी केली त्यांनी. तू त्यांना बोलू दे. "जाऊ द्या, झालं गेलं" असं म्हणून मध्येच तोडू नकोस. तुला ती खोड आहे.

आई आत्ता शेजारी बसली आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं, भीतीचा तेवढा परिच्छेद गाळून. तिला एक विचारायचंय आणि फोनवर तिच्याने विचारवत नाही, म्हणून मला लिहायला सांगते आहे. ती विचारते, तिचा चेहरा तुला अजून दिसेल का.

याचं उत्तर पत्रात नको. ती समोर उभी राहील तेव्हा तिला दे. आणि दिसत नसेल, तर या वेळी दिसतो म्हणू नकोस.

तुझ्याच वाटेने, पण बोलत निघालेला,
तुझा भाचा