एक इंच जास्त

सोनाळा
१७ ऑगस्ट २०२४

ती. वासंतीआत्यास,
स्वरदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय. चौथीला मापन शिकवताना गणवेशाची मापं मी मुलांकडूनच घेतली आणि गावातल्या शिवणगटाला तीच दिली. झेंडावंदनाला वर्ग उभा राहिला, तर सगळ्यांचे खांदे दंडावर उतरलेले! करिष्माच्या आजीनं भर मैदानात विचारलं, की हे कपडे पोरीले शिवले का पोरीच्या मायले?

मुख्याध्यापक गुलाबराव सरांनी शाळेचा टेप कपाटात टाकला. दुसऱ्या जोडाची मापं शिंपी घेणार आणि मी मापन फळ्यावर शिकवायचं. फळ्यावर इंच कसा कळेल, आत्या? मुलंही हिरमुसली आहेत. माझं चुकलं का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
स्वरदा


शेगाव
२१ ऑगस्ट २०२४

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुकलंच. कापड कापण्याआधी दोन-चार मापं तू स्वतः ताडायला हवी होतीस. ते झालं.

आता कामाचं. सगळ्यांचे कपडे सारखेच वाढलेत, की कुणाचे कमी, कुणाचे जास्त? कमी-जास्त असतील तर मुलांना टेप धरता येत नाही. सारखेच असतील तर मोजलंय नेटकं, फक्त सुरुवात चुकली. उत्तर मला कळवू नकोस. तुझा घरचा टेप दे आणि मुलांनाच पुन्हा मोजून शोधू दे.

सोबत माझी तुटकी पट्टी पाठवते. ती तिनापासूनच सुरू होते. हिच्यानं पेन्सिल मोजता आली, की मूल शिकलं समज. मग गुलाबरावांना वर्गात बोलव. नाही आले तर मी येते.

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच, रडगाणं तेवढं आवर.

वासंतीआत्या


सोनाळा
३१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्यांचा बरोबर एकच इंच जास्त निघाला! हर्षलचं म्हणणं, मोजाले तं एकापासूनच सुरू करतेत, शून्यापासून कोन मोजते? सगळ्यांनी खांद्यावर एकचा आकडा धरला होता. तुझ्या पट्टीवर आधी सगळे फसले. मग छकुलीनं सुचवलं, की जिथून धरलं तिथूनच मोजा. आता कुणी चुकत नाही.

काल गुलाबराव सर आले आणि माझी कंबर मोजा म्हणाले. करिष्मानं टेप गुंडाळला. चाळीस. सरांनी घाईनं विचारलं, की एकापासून तर नाही ना धरला? तिनं सांगितलं, नाही सर, शून्यापासूनच धरला, पन तुम्ही श्वास धरून राह्यले, तो सोडा, मंग खरं माप येते.

सरांनी श्वास सोडला. बेचाळीस.

पोळा झाला, की दुसऱ्या जोडाची मापं वर्गच घेणार. दोन-चार मी ताडीन. टेप कपाटाबाहेर आला आहे, आणि तो करिष्माकडे आहे.

माया आहे तशीच असू दे. पट्टी मात्र परत मागू नकोस.

तुझी
स्वरदा