तोरणाबाहेरची झडती

अल्लीपूर,
६ जुलै २०२५

ती. गोपालमामांस,
सुरभीचा सा. न. वि. वि.

मामा, पोळ्यात बैल तोरणाखाली उभे करून टोमण्याची कडवी म्हणतात, ती झडती तोरणाबाहेर नेता येते का? मी बी.ए. झाले, घरातली पहिली, पण याचं उत्तर मला येत नाही. फोनच केला असता. पण सव्वीस वर्षं ड्रम बडवून तुमचे कान गेले, मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पोस्टाचा आधार.

तुमच्या ‘रेचा’ बँडचं नवं गाणं इथं पोचलं. अल्बम सप्टेंबरात येणार आणि हे एक आधीच नेटवर सोडलं, असं माझा भाऊ पियुष म्हणाला. अकरा वर्षांनी अल्बम काढताय, पण आवाज अजून टिनाच्या छपरावर माकडं नाचल्यासारखाच. आई म्हणते, माह्या भावानं म्हातारपणीबी दात-ओठ खाणं सोडलं नाई. पण मध्येच गिटारी थांबतात आणि बाबांचा आवाज येतो. मागच्या पोळ्यात तुम्ही मोबाइलवर धरलेली झडती:

आग लागली गंजीले, धूर गेला आभाळाले,
शोभाबाई आतमंदी, कुलूप होतं फाटकाले!

शेठच्या जिनिंग कारखान्याला आग लागून कामावरच्या शोभाबाई गेल्या, तेव्हा बाबा कापसाची गाडी घेऊन फाटकाबाहेरच उभे होते. चौकशीत मात्र फाटक उघडं होतं असं ठरलं. पोळ्यात शेठ समोरच होते, मान खाली घालून त्यांनी ऐकून घेतलं. तोरणाखाली कुणाचीही खोड काढावी. तोरण तुटलं की राग संपला, अशीच आपली रीत.

काल शेठचे दिवाणजी घरी आले. चहा घेतला, बैलांची तारीफ केली, मोबाइलवर गाणं लावलं आणि गोडीनं विचारलं, नत्थूजी, हा आवाज तुमचाच ना? बाबा छाती काढून हो म्हणाले. आपली झडती नाकारणं म्हणजे आपला बैल नाकारणं, असं ते मानतात. निघताना दिवाणजी म्हणाले की पियुष गाडी लय जोरात हाकते, त्याले सांभाळून राहाले सांगा. पियुष त्यांचीच गाडी चालवतो, मामा.

आईचा नमस्कार. उत्तर लवकर धाडा, तोवर आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुरभी


आष्टी,
१४ जुलै २०२५

चि. सुरभीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. माकडांचं वाक्य योगेंद्रले वाचून दाखवलं. आमचा गिटारवाला तवापासून तोंड फुगवून बसला हाय.

तुह्या प्रश्नाचं उत्तर मलेबी नाई येत. आम्ही हिंगणघाटच्या मिलवाल्यांचे पोट्टे. आमच्या बोंबलण्याले लोकं पंक संगीत म्हणाले लागले, तवा मले वाटलं, हे तं आपल्या झडतीचंच भावंड हाय. म्हणून नत्थूजीची झडती गाण्यात घेतली. तोरणाखाली चालते ते सगळीकडं चालन, असं समजलो. पण तोरणाखाली शेठले सारं गाव दिसते, आन् मोबाइलमंदी एकटा नत्थूजी.

मी तो आवाज काढून टाकतो. गाणं तेवढं मुकं राहीन, राहू दे. तू शिकलेली हायेस, पण या लोकांसंग वाद घालाले जाऊ नको. पियुषले म्हणा, दुसरं काम पाह्य.

तुह्या आईले सांग, दात शाबूत हायेत. आठवण ठेवजो, मामा इथं हाय.

तुहा,
गोपालमामा


अल्लीपूर,
११ ऑगस्ट २०२५

ती. गोपालमामांस,
सा. न. वि. वि.

आवाज अजून काढला नसेल तर काढू नका. काढून आता उपयोगही नाही. दिवाणजी परवा पुन्हा आले. त्यांना आता नवी झडती हवी आहे: या पोळ्यात, त्याच तोरणाखाली, बाबांनीच म्हणायची, की फाटक उघडं होतं. ते ती मोबाइलवर धरून नेणार. मग तुमच्या गाण्यातला माणूस स्वतःच खोटा ठरेल.

पियुषला हल्ली हैदराबादच्या रस्त्यानं लांबच्या फेऱ्या देतात. मागं सतत एक गाडी असते, असं तो हसत सांगतो. त्याचं हसू ओठांवरच राहतं. काम सोड म्हटलं, तर म्हणतो, सोडलं तं बाबाले कोन सोडन?

काल मी गोठ्यात गेले. बाबा बैलाच्या मानेवरून हात फिरवत हलक्या आवाजात ती नवी झडती पाठ करून राह्यले होते. यमक जुळत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही कुलूप पाहिलंय. शोभाबाईंचा आवाज तुम्ही ऐकलाय. ते म्हणाले, पोरी, तुले शिकवलं ते बरंच केलं, पण पोरगा मले एकच हाय.

आई जेवत नाही. आमच्यासाठी जीव टांगणीला लागला तरी, मामा, इकडं येऊ नका.

तुमची,
सुरभी


अल्लीपूर,
२३ ऑगस्ट २०२५

ती. गोपालमामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, पियुष तुमच्या हातात देतो आहे. त्याला जेवू घाला आणि रागावू नका. काल सकाळीच त्यानं गाडीची चावी दिवाणजींच्या टेबलावर ठेवली. त्यासाठी मला त्याच्याशी खूप भांडावं लागलं. तो लहानपणासारखा रडला. दिवसभर मी त्याला सपनाच्या घरी ठेवलं, माझ्या मैत्रिणीकडे.

संध्याकाळी बैल तोरणाखाली उभे राहिले. दिवाणजी मोबाइल धरून पुढंच होते. बाबांनी घसा साफ केला. आपल्याकडं बायका झडती म्हणत नाहीत, लांबून बघतात. मी माणसांमधून वाट काढत बैलापाशी गेले, कासऱ्याला हात लावला आणि मोठ्यानं म्हटली, तीच, जुनी, कुलुपाची. मग दिवाणजींच्या मोबाइलकडं बघून माझं पूर्ण नाव सांगितलं.

झडतीनंतरचा ‘हर हर महादेव’चा गजर झाला नाही. फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ती दुसरी झडती मात्र त्यांनी म्हटली नाही. बैल वळवला आणि घराकडं चालू लागले. रात्रीपासून आमच्या दारासमोर एक जीप उभी आहे. आतलं कुणी उतरत नाही. आईनं त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं नाही.

तुम्हाला आधी विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. सपनानं सगळं तिच्या मोबाइलवर घेतलं होतं. ते मी रात्रीच योगेंद्रकाकांना पाठवलं आणि बाबांच्या आवाजाला लागून माझा लावा, खाली नाव टाका, असं कळवलं. आज पहाटे त्यांचं उत्तर आलं. लावला आहे.

माझी काळजी करालच, पण पियुषला परत पाठवू नका. आशीर्वाद असू द्या.

तुमची भाची,
सुरभी नत्थूजी