पियानो म्हणजे हळू

२७ मे

"मला विष द्या, मी तुम्हाला क्षमा करते" — हे इटालियनमध्ये मी झोपेतही म्हणेन. पण संडासाची टाकी गळतेय हे सांगता येत नाही! गाण्यांतून शिकलेली भाषा ही अशी. आज प्लंबरपुढे नुसते हातवारे केले. तो बिचारा समजला, मला पोहायला जायचंय.

मास्तर बेनास्सींनी आज गाणं मध्येच थांबवून बजावलं, "एरान, तुझ्या आवाजाचं मी बघतो. पण भाषेच्या परीक्षेत पास झाली नाहीस, तर सप्टेंबरात विद्यालय तुझी जागा दुसऱ्याला देणार. मग माझ्या हातात काही नाही." एरान! माझ्या हेरानमधला 'ह' या देशात कुणाला दिसतच नाही.

जागा गेली की इथे राहण्याचा परवानाही गेला. म्हणजे परत मायदेशी, वान्दो बेटावर, आईबरोबर समुद्रशेवाळ वाळत घालायला. भीती वाटते. खरंच वाटते.

४ जून

आईचा फोन. परीक्षा नेमकी माझ्या वाढदिवशी. आमच्याकडे वाढदिवसाला शेवाळाचं सूप हवंच, पण परीक्षेच्या दिवशी ते प्यालं की माणूस घसरतो म्हणतात. "थेंबसुद्धा तोंडात घालू नकोस!" — जन्मभर शेवाळावरच घर चालवणारी बाई! त्याऐवजी चिकट साखरेची कांडी पाठवलीय. ती खाल्ली की जागा चिकटून राहते म्हणे.

९ जून

कांडी खाल्ली. दाढा चिकटल्या.

लेखी बरं गेलं. तोंडीला राखाडी केसांच्या एक बाई होत्या, टेबलावर रेकॉर्डर. त्या फक्त विचारणार. गुण देणारे दुसऱ्याच शहरात बसून ऐकणार. "तुमच्या गावाबद्दल सांगा." मी घाबरून सुसाट सुटले. बाई हसून म्हणाल्या, "पियानो, पियानो."

पियानो! स्वरलिपीत हा शब्द आला की आवाज उतरवायचा, हे मला लहानपणापासून पाठ. उतरवला. बाई पुन्हा म्हणाल्या, "पियानो, पियानो." आणखी उतरवला. मोठ्यांपुढे नजर खाली, आवाज खाली — ही आईची शिकवणही होतीच. शेवटी तर मी नुसत्या श्वासावर बोलत होते. बाई टेबलावर ओणवून, कान पुढे करून ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. उठताना "ब्राव्हा!" म्हणाल्या.

इतका नाजूक पियानो मला गाण्यातसुद्धा कधी साधला नव्हता!

१० जून

घरमालकीण एर्सिलियाबाईंना सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागतं, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं खुळे, पियानो म्हणजे हळू!"

"हळूच बोलले ना मी!"

"हळू म्हणजे सावकाश! कुजबुजायला कुणी सांगितलं होतं तुला?"

जेवण गेलं नाही.

२ जुलै

निकाल नाही.

१९ जुलै

सूर लागत नाही. मास्तर ओरडतात, "आवाज, एरान, आवाज कुठे गेला?" मला काय माहीत! त्या रेकॉर्डरमध्ये तरी आहे का?

३ सप्टेंबर

नाही. लेखी पास, वाचन पास, श्रवण पास. तोंडी शून्य. शेरा — 'ऐकू येत नाही'.

गाणारीला!! हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

८ सप्टेंबर

परीक्षाकेंद्रात गेले. खिडकीमागचा माणूस भला होता. त्याने रेकॉर्डिंग लावून दाखवलं. सुरुवातीला माझं बेट आहे, बोटी आहेत. मग आवाज पातळ होत जातो. मग काहीच नाही, नुसती खरखर. आणि त्या खरखरीत मधूनच त्या बाई, स्वच्छ, ठणठणीत — "अरे वा!" "असं होय!" "ब्राव्हा!"

"बघा, त्यांना ऐकू येत होतं! त्यांनाच विचारा ना!"

"नियम आहे, सिन्योरिना. रेकॉर्डिंगमध्ये असेल तेवढंच धरायचं. पुढची परीक्षा डिसेंबरात."

डिसेंबरात माझ्या जागेवर दुसरीच कुणी गात असेल. हे त्याला सांगायचं होतं. तोंडच उघडेना. वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. नमस्कार कसला केला मी!

१५ सप्टेंबर

मास्तर संचालकांना भेटून आले. खांदे उडवले. माझ्याकडे न बघता पियानोचं झाकण लावलं.

आईला अजून काही कळवलेलं नाही. काय कळवू?

३० सप्टेंबर

जागा गेली. सकाळी विद्यालयात सांगितलं. पायऱ्यांवर उभी होते, तेवढ्यात आईचा फोन. सगळं बोलून टाकलं — रेकॉर्डर, खिडकीमागचा माणूस, त्याचा मेला नियम, हळू म्हणजे काय ते — मोठ्याने, सावकाश, एकही शब्द न गिळता. येणारेजाणारे थांबले. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर बोलतेय पोरगी!"

आई म्हणाली, "हेरान, बाळा... आता हेच आपल्या भाषेत सांग."