समासातलं ‘कशावरून?’

बाबा, तुम्ही असता तर रविवारचा माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम झालाच नसता. सकाळीच प्रकाशकाचा फोन. “मॅडम, पुस्तकं बाइंडिंगला अडकलीत. पावणे एमआयडीसीतल्या छापखान्यातच उभा आहे मी. पण टेन्शन घेऊ नका, कव्हर तयार आहे. तेवढ्याच जाडीचं घरातलं कुठलं तरी पुस्तक आणा, त्यावर चढवू. सगळे असंच करतात. पाहुण्यांनी रिबीन सोडायची आणि फोटोपुरतं हातात धरायचं.” पोरगा खारघरचा, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहायचं हे तुम्हीच शिकवलेलं. पुस्तक खरंच छापलंय, की नुसतं कव्हर? “पानांचा व्हिडिओ पाठव,” म्हटलं तर हसला. “मॅडम, तुम्ही पण ना!” व्हिडिओ आला. पानांचे गठ्ठे दिसत होते, पण ते माझ्याच पुस्तकाचे कशावरून?

हा तुमचा शब्द. नेरूळच्या घरात तुम्ही दूधवाल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर, हवामानाच्या अंदाजावर, सगळ्यांवर संशय घ्यायचात. वाचताना चष्म्याच्या घरातली पेन्सिल बाहेर यायची आणि लेखकाने काही ठोकून दिलं की समासात उमटायचं, ‘कशावरून?’ सातवीत मी ‘माझे बाबा’ निबंध लिहिला. ‘बाबांचे माझ्यावर फार प्रेम आहे’ या वाक्याशेजारीही तुम्ही तेच लिहिलंत. मी भोकाड पसरलं. आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. “अहो, लेकरू आहे ते! असं विचारतात का?” तुम्ही म्हणालात, “मग वाचणाऱ्याला कळणार कसं? काहीतरी घडलेलं लिही की.” मी फुरंगटून लिहिलं, की बाबा रोज स्कूलबसच्या काकांना ब्रेक दाबून दाखवायला लावतात आणि सगळ्या मैत्रिणी मला हसतात. तुम्ही ते दोनदा वाचलंत, चष्म्याचं घर चाचपलंत, वही मिटलीत आणि चहा मागितलात. शेजारी काहीच लिहिलं नाहीत.

तर जाडीला जुळलं ते तुमच्याच कपाटातलं, घरगुती औषधांचं पुस्तक. वाशीच्या हॉलमध्ये प्रमुख पाहुणे, एक निवृत्त प्राचार्य, माइक धरून म्हणाले, “काल एका बैठकीत वाचून काढलं. शब्द न् शब्द खरा!” कसं वाचलं बुवा? त्यांना फाइल पाठवलेलीच नाही, हे मी प्रकाशकाकडून दोनदा वदवून घेतलं होतं. टाळ्या पडल्या तसे साहेब आणखी रंगात आले. “ऐका, काय लिहितात या!” म्हणत त्यांनी मधलंच पान उघडलं. चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं. नंतर मी ते पान बघितलं. ‘कारल्याच्या रसाने सर्व विकार मुळापासून जातात’, आणि शेजारी तुमची पेन्सिल, ‘कशावरून?’ त्यांनी पुस्तक मिटलं. “हे... हे ज्याने त्याने घरी शांतपणे वाचावं.” मी पदर तोंडाला लावून हसत होते. लोकांना वाटलं, लेखिकेला गहिवरून आलं. त्या संध्याकाळपासून मोबाइलवर ‘खूप भिडलं’ असे निरोप येतायत. एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं.

काल खोकी आली. पुस्तक खरंच माझं आहे, पोराने फसवलं नाही. तरी मी एकेक पान तपासत बसले आणि अर्पणपत्रिकेवर अडकले. ‘बाबांना, ज्यांचा माझ्या लिहिण्यावर विश्वास होता.’ प्रकाशकाला या ओळीची रील करायचीय, “यावर पब्लिक रडणार बघा.” आणि मला माझ्याच ओळीचा संशय यायला लागला. तुम्ही असं कधी म्हणालात? माझी पहिली कथा छापून येण्याआधीच तुम्ही गेलात. मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीशेजारी लिहिलं, ‘कशावरून?’

उत्तरादाखल घडलेलं काही लिहायचं तर माझ्याकडे एकच गोष्ट आहे, त्या निबंधाशेजारची कोरी जागा. तुम्हाला पटलं म्हणूनच ती कोरी राहिली, या भरवशावर मी आजवर लिहीत आले. तुम्ही आत्ता समोर हवे होतात बाबा, फार हवे होतात. रील मी करू देणार नाही. हे पत्र त्याच पुस्तकात घालून ठेवते, कारल्याच्या पानाशी. आणि एक सांगून टाकते. तो निबंध दुसऱ्यांदा दाखवायला आणण्याआधी तुमच्या चष्म्याच्या घरातली पेन्सिल मी काढून माझ्या दप्तरात लपवली होती.