पाचवा आरसा

केडगाव, रविवार

धवल,

'प्रिय' लिहायची सवय मोडलीय.

तुझा शोधनिबंध काल मिरजगावला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचला. अवकाशातून आरशांची प्रतलं काढून टाकली, तर उरलेल्या जागेचा आकार कसा असतो? प्रश्न माझा. संमिश्र संख्यांच्या अवकाशात आरसा भिंतीसारखी जागा तोडत नाही, खांबासारखा वळसा घालू देतो आणि वळशाची दोरी मग सुटत नाही, हे मीच तुला टपरीवर बुटाची नाडी काढून दाखवलं होतं. "वही दे, वाचून परत करतो," म्हणालास. आपला साखरपुडा मोडल्यावर तुझ्या घरच्यांनी अंगठी, सूटचं कापड, नारळाचं तबकसुद्धा परत पाठवलं. वही नाही!

अशा आरशांतल्या प्रतिबिंबांचे, कुठल्याच साच्यात न बसणारे चौतीस आडमुठे गट मी त्या वहीत एकेक करून तपासले होते. क्रमांक एकतीसला थकले आणि लिहून टाकलं, 'इथेही चार आरशांवर अख्खा गट उभा राहतो.' नाही राहत. गट चार मितींचा असला तरी त्याला पाच लागतात. हे मला वही गेल्यावर कळलं. पाचवा आरसा धरून सिद्धता पुन्हा रचण्यात माझी तीन वर्षं गेली.

तू ते वाक्य जसंच्या तसं छापलंस. चोरलेलं निदान तपासायचं तरी होतंस रे!

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर गुपचूप दुरुस्ती करून मोकळा होशील. दुरुस्ती मी छापणार आहे, आणि पहिल्याच ओळीत लिहिणार आहे की ही चूक मुळात माझी आहे.

वहीची मालकीण,
नीलांबरी